कळ, कृती आणि नाव : मजकूर-संपादकांतील आज्ञानामांचा इतिहास

प्रस्तावना

संगणकावर नित्य लेखन करणाऱ्या व्यक्तीची बोटे कित्येक गोष्टी मनाच्या आधी जाणतात. 'कंट्रोल' व 'एस' या कळा एकत्र दाबल्या की मजकूर जतन होतो, 'कंट्रोल' व 'झेड' दाबल्या की शेवटची कृती मागे फिरते, हे सांगण्यासाठी आज कोणाला पुस्तक उघडावे लागत नाही. मात्र बोट चुकून भलत्याच कळेवर पडले आणि समोरचा परिच्छेद एकाएकी नाहीसा झाला, की लिहिणारा गोंधळतो. नेमकी कोणती कळ दाबली गेली हे त्याला आठवत नाही. आठवले, तरी त्या कळेने जी कृती घडवली तिला काय म्हणतात हे त्याला ठाऊक नसते. नाव ठाऊक नसल्यामुळे ती कृती माहितीपुस्तकाच्या सूचीत शोधता येत नाही, दुसऱ्याला दूरध्वनीवरून सांगता येत नाही आणि पुन्हा घडू नये म्हणून बंदही करता येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मजकूर-संपादक, म्हणजे ज्या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणकावर मजकूर लिहिला व दुरुस्त केला जातो ती आज्ञावली, कळ व कृती यांच्यामध्ये आज्ञेचे नाव ठेवते काय, आणि ठेवत असल्यास ते नाव वापरणाऱ्याला विचारता येते काय, या दोन प्रश्नांचा येथे ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. इतिहासात मात्र ते वेगळे राहिले. नाव असूनही ते वापरणाऱ्यापासून दूर ठेवले गेल्याचा काळ बराच मोठा आहे. उलट दिशेचे उदाहरण, म्हणजे वापरणाऱ्याने कोणतीही कळ दाबावी आणि संपादकाने तिचे नाव, अर्थ व मूळ सांगावे, हे १९७६ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत साकारले. त्या संपादकाचे नाव 'इमॅक्स'. त्यामुळे विवेचनाचा मोठा भाग त्याच्याभोवतीच फिरणे अपरिहार्य आहे.

टेको : नाव नसलेली अक्षरे

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत डॅन मर्फी यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकासाठी 'टेको' हा संपादक लिहिला. त्या काळी आज्ञावल्या छिद्रांकित कागदी फितीवर साठवल्या जात आणि टेकोच्या नावातील पहिले अक्षर मुळात त्या फितीचे, म्हणजे 'टेप'चे होते. फिती मागे पडल्यावर त्याच अक्षराचा अर्थ 'टेक्स्ट' असा लावला गेला. संगणकाची स्मृती अपुरी आणि टंकयंत्रे संथ, म्हणून आज्ञा जितकी लहान तितकी बरी, या विचाराने टेकोतील आज्ञा एकेका अक्षराच्या झाल्या. 'डी' म्हणजे अक्षर खोडणे, 'के' म्हणजे ओळ काढून टाकणे, 'एल' म्हणजे पुढच्या ओळीवर जाणे, 'एस' म्हणजे शोधणे. अशी अक्षरे एकापुढे एक लिहिली की तीच एक छोटी आज्ञावली होई. जाणकाराच्या हाती हे अस्त्र विलक्षण प्रभावी होते. नवख्याला मात्र त्या अक्षरांच्या ओळीतून काहीही बोध होत नसे.

टेको वापरणाऱ्यांमध्ये एक खेळ प्रसिद्ध होता. आपले स्वतःचे नाव टेकोला आज्ञा म्हणून दिले, तर मजकुराचे काय होईल याचा अंदाज बांधायचा. खेळ गमतीचा असला, तरी त्यात एक गंभीर बाब दडलेली आहे. टेकोच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर हीच कृती होती. अक्षर व कृती यांच्यामध्ये तिसरे काही नव्हते. म्हणून चुकून उमटलेल्या अक्षरानंतर टेकोला विचारण्यासारखा प्रश्नच उरत नसे.

हाच धोका पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातही दिसून आला. बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये तेथे 'ब्राव्हो' हा संपादक तयार झाला. छपाईत जसे दिसेल तसेच पडद्यावर दाखवणारा तो आरंभीचा संपादक, आणि त्या अर्थाने काळाच्या पुढे. त्याच्या आज्ञा मात्र अक्षरांच्याच होत्या. मजकूर लिहिण्याची अवस्था सुरू करण्याआधीच एखाद्याने 'एडिट' हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द टंकित केला, तर पहिल्या अक्षराने सारा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो खोडला जाई, तिसऱ्याने नवे लेखन सुरू होई आणि चौथे अक्षर 'टी' त्या रिकाम्या जागी उमटे. दिवसभराच्या लेखनाऐवजी पडद्यावर एकच 'टी' उरे. संगणकशास्त्राच्या इतिहासात ही घटना वारंवार सांगितली जाते, ती बहुधा एकाच संपादकात अनेक 'अवस्था' असण्याचा दोष दाखवण्यासाठी. तो दोष खराच; पण घडलेल्या अनर्थानंतर वापरणाऱ्याला त्याचा उलगडा करून देणारे कोणतेही साधन संपादकात नव्हते, ही तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

एका प्रयोगशाळेतील अनेक बोली

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेकोचा विस्तार होत गेला. १९७२ मध्ये कार्ल मिकेलसन यांनी त्यात 'कंट्रोल-आर' नावाची अवस्था आणली. तीत प्रत्येक कळ दाबताच तिचा परिणाम पडद्यावर दिसू लागला. रिचर्ड स्टॉलमन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'ई' हा पडदा-संपादक पाहिल्यानंतर ही अवस्था अधिक कार्यक्षम रीतीने पुन्हा लिहिली आणि तीत एक महत्त्वाची भर घातली. कोणत्याही कळेला टेकोमध्ये लिहिलेली कोणतीही आज्ञावली जोडता येईल, अशी सोय त्यांनी केली.

या सोयीचा परिणाम दुहेरी झाला. प्रयोगशाळेतील प्रत्येक कल्पक व्यक्तीने आपापल्या कळा आपापल्या परीने बांधून घेतल्या. 'टेकमॅक', 'टीमॅक्स' अशा नावांचे संच निर्माण झाले. लेखनाचा वेग वाढला, पण एकाने दुसऱ्याच्या यंत्रापुढे बसावे तर बोटे निरुपयोगी ठरत. एकच कळ एकाकडे ओळ खोडणारी, तर दुसऱ्याकडे शब्द हलवणारी. एका गावात प्रत्येक घराने स्वतंत्र बोली बोलावी, तसे झाले. गाय स्टील यांनी हे निरनिराळे संच एकत्र आणून त्यांचा एकच सुसंगत संच करण्याचे काम हाती घेतले. स्टील व स्टॉलमन यांनी एक रात्र एकत्र बसून त्यास आकार दिला आणि पुढील रचना स्टॉलमन यांनी पूर्ण केली. १९७६ मध्ये सिद्ध झालेल्या या संचाला 'एडिटर मॅक्रोज' या शब्दांवरून 'इमॅक्स' हे नाव मिळाले.

एकीकरणाच्या या कामात नाव ही केवळ सोय राहिली नाही, ती गरज बनली. दोन माणसे वेगवेगळ्या कळांनी एकच कृती करीत असतील, तर ती कृती एकच आहे हे सांगण्यासाठी तिला कळेपासून स्वतंत्र अशी ओळख हवी. म्हणून इमॅक्समधील प्रत्येक आज्ञेला पूर्ण, वाचता येण्याजोगे नाव आणि त्या नावाखाली अर्थ सांगणारे टिपण देण्यात आले. उदाहरणार्थ, 'कंट्रोल-एन' या कळेमागील आज्ञेचे नाव 'कंट्रोल-आर डाऊन रिअल लाइन' असे होते. त्यातील पहिला भाग ती आज्ञा पडद्यावरील लेखनाच्या अवस्थेत कळेला जोडण्यासाठी आहे असे सुचवी, आणि उरलेला भाग कृती सांगे. नाव काहीसे अवजड वाटते खरे, पण टेकोच्या एकाक्षरी परंपरेतून आलेल्या माणसांनी एवढी लांब नावे स्वीकारावीत, हेच मुळात उल्लेखनीय आहे.

त्याच्या जोडीला साहाय्य-कळ आली. ती दाबून एखादे अक्षर दिले की संपादक आपली माहिती स्वतः सांगू लागे : अमुक कळ काय करते, अमुक आज्ञा कोणत्या कळेवर आहे, अमुक शब्द ज्यांच्या नावात येतो अशा आज्ञा कोणत्या. शेवटी दाबलेल्या साठ कळा दाखवण्याचीही सोय होती. 'आता नेमके काय घडले?' हा प्रश्न येथे प्रथमच संपादकालाच विचारता येऊ लागला. स्टॉलमन यांनी १९७९ मध्ये प्रयोगशाळेच्या टिपणमालेत प्रसिद्ध केलेल्या आणि १९८१ मध्ये सुधारलेल्या शोधलेखाच्या शीर्षकातच इमॅक्सचे वर्णन विस्तारक्षम, आपल्या गरजेनुसार बदलता येणारा आणि स्वतःचे दस्तऐवजीकरण स्वतः करणारा पडदा-संपादक असे केले आहे. या तीन विशेषणांपैकी तिसऱ्याची चर्चा सर्वांत कमी झाली. वास्तविक पहिली दोन त्याच्याविना टिकू शकत नाहीत. जो संपादक प्रत्येकाला बदलता येतो, त्याचे छापील माहितीपुस्तक दुसऱ्या दिवशी खोटे ठरते. खरी माहिती फक्त चालू असलेल्या संपादकापाशीच असते, आणि म्हणून त्यालाच बोलते करावे लागते.

नाव केंद्रस्थानी : ग्नू इमॅक्सची रचना

स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये इमॅक्स नव्याने लिहिण्यास घेतला आणि १९८५ मध्ये तो 'ग्नू इमॅक्स' या नावाने सर्वांसाठी खुला झाला. टेकोची जागा 'लिस्प' या भाषेने घेतली. लिस्पमधील इमॅक्सचा प्रयोग बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी 'मल्टिक्स' प्रणालीवर १९७८ मध्येच केला होता. या बदलामुळे नावाला रचनेतच मध्यवर्ती स्थान मिळाले.

ग्नू इमॅक्समध्ये कळ ही थेट कृतीशी जोडलेली नसते. 'कळनकाशा' नावाच्या कोष्टकात कळेसमोर आज्ञेचे नाव लिहिलेले असते आणि त्या नावामागे प्रत्यक्ष कृती असते. अशी कोष्टके एकाहून अधिक असतात. वापरणारा ज्या प्रकारचा मजकूर लिहीत आहे त्याचे एक कोष्टक, तात्पुरत्या सोयींची काही, आणि सर्वांच्या तळाशी सार्वत्रिक कोष्टक. कळ दाबली की विशिष्टाकडून सार्वत्रिकाकडे अशा क्रमाने शोध घेतला जातो आणि जेथे प्रथम नाव सापडेल तेथे तो थांबतो. एकच कळ पत्रलेखनात एक काम करते व आज्ञावली-लेखनात दुसरे, याचे कारण हे. आणि कळेचा अर्थ पाठ करून भागत नाही, तो त्या क्षणी विचारावा लागतो, याचेही कारण हेच.

विचारण्याची रीत साधी आहे. 'कंट्रोल-एच' व त्यानंतर 'के' दाबून हवी ती कळ दाबली, की ती कृती घडत नाही. तिच्याऐवजी एक खिडकी उघडते. 'कंट्रोल-एन' दिल्यास तीत 'नेक्स्ट-लाइन' हे नाव, ते कोणत्या धारिकेत लिहिले आहे याचा निर्देश आणि कृतीचे वर्णन दिसते. धारिकेच्या निर्देशावर जाऊन त्या आज्ञेची मूळ संहिताही वाचता येते. केवळ नाव हवे असल्यास 'के'ऐवजी 'सी' पुरेसा आहे. उलट दिशेने, नाव ठाऊक असून कळ विस्मरणात गेली असेल, तर 'डब्ल्यू' आहे. ती आज्ञा कोणत्याच कळेवर नसेल, तर संपादक तसेही स्पष्ट सांगतो. अशी आज्ञा निरुपयोगी मात्र ठरत नाही. 'मेटा-एक्स' दाबून तिचे नाव लिहिले की ती चालते. त्या आज्ञेला एखादी कळ नेमून दिलेली असेल, तर काम झाल्यावर संपादक हळूच ती कळही सुचवतो. हजारो आज्ञा असलेल्या या संपादकात बहुतेक आज्ञांना कळ नाहीच. नाव मात्र आहे.

या तत्त्वाची व्याप्ती किती दूरवर नेली आहे, हे एका टोकाच्या उदाहरणावरून कळते. साध्या 'ए' या अक्षराची कळ काय करते असे विचारले, तर इमॅक्स 'सेल्फ-इन्सर्ट-कमांड' असे उत्तर देतो. म्हणजे अक्षर उमटणे हीसुद्धा आपोआप घडणारी गोष्ट नसून नाव असलेली आज्ञा आहे, आणि म्हणून तीही बदलता येते.

दस्तऐवजीकरणाची एक बारीक व्यवस्था याहून अधिक बोलकी आहे. आज्ञेचे वर्णन लिहिणारा लेखक त्यात 'यासाठी अमुक कळ दाबा' असे लिहीत नाही. तो कळेच्या जागी आज्ञेचे नाव विशिष्ट चिन्हांत लिहून ठेवतो. वर्णन पडद्यावर येताना इमॅक्स त्या नावाला वाचणाऱ्याच्या संपादकात त्या क्षणी जी कळ जोडलेली असेल ती तेथे भरतो. वाचणाऱ्याने कळ बदलली असेल, तर त्याच्यापुरते माहितीपुस्तकही बदलते. स्थिर काय आणि चंचल काय, याविषयीचा निर्णय या रचनेत दिसतो : कळ चंचल, नाव स्थिर.

बोट चुकण्याच्या प्रसंगासाठीही एक योजना आहे. काही आज्ञा नवख्याला बुचकळ्यात पाडणाऱ्या असतात. मजकुराचा निवडलेला भाग तेवढा दाखवून बाकीचा दृष्टीआड करणारी 'नॅरो-टू-रीजन' ही त्यांपैकी एक. तिच्यामुळे लेखनाचा मोठा अंश नष्ट झाल्याचा भास होतो. निवडलेली सारी अक्षरे लहान लिपीत बदलणारी 'डाऊनकेस-रीजन' ही दुसरी. अशा आज्ञा प्रारंभी निष्क्रिय ठेवलेल्या असतात. चुकून त्यांची कळ दाबली गेल्यास इमॅक्स थांबतो, तुम्ही अमुक कळ दाबली व तिच्यामागे अमुक नावाची आज्ञा आहे असे सांगतो, तिचे वर्णन दाखवतो आणि पुढे जायचे काय असे विचारतो. ब्राव्होतील एकाकी 'टी' डोळ्यांसमोर आणला, म्हणजे या थांबण्याचे मोल समजते. शेवटच्या कळा दाखवण्याची जुनी सोयही टिकली, वाढली. साठऐवजी तीनशे कळा आणि त्यांच्यासोबत त्यांनी चालवलेल्या आज्ञांची नावे असे तिचे स्वरूप झाले.

अर्थात इमॅक्सचे सारेच काही आदर्श नव्हते. साहाय्यासाठी 'कंट्रोल-एच' निवडला गेला, पण अनेक यंत्रांवर मागचे अक्षर खोडणारी 'बॅकस्पेस' ही कळ नेमका तोच संकेत पाठवी. परिणामी अक्षर खोडू पाहणाऱ्याला साहाय्याची खिडकी दिसे, आणि वर्षानुवर्षे नवोदितांची ती पहिली तक्रार असे. शिवाय नावे इंग्रजीच, आणि तीही सत्तर-ऐंशीच्या दशकांतील एका प्रयोगशाळेच्या बोलीतील. मजकूर कापण्याला 'किल' व परत आणण्याला 'यँक' म्हणणे इतरत्र रुजले नाही. 'कट' व 'पेस्ट' शोधू पाहणाऱ्याला ही नावे आधी शिकावी लागतात. ज्या कळेला वापरणाऱ्याने नाव न देता थेट निनावी कृती जोडली, तिच्याविषयी विचारल्यास इमॅक्सही केवळ निनावी संहितेकडे बोट दाखवू शकतो. नाव कोणीतरी द्यावे लागते. यंत्र ते निर्माण करीत नाही.

व्हीआय : व्याकरणाचा मार्ग

बिल जॉय यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात १९७६ मध्येच ज्याची सुरुवात केली, तो 'व्हीआय' हा संपादक वेगळ्या वाटेने गेला. जॉय यांच्या एडीएम-३ए या यंत्रावर 'एच', 'जे', 'के', 'एल' या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून त्या कळा हालचालीच्या झाल्या आणि यंत्र इतिहासजमा झाल्यानंतरही तशाच राहिल्या. व्हीआयच्या कळांमागे शोधण्यासारखी नावे बहुतांशी नाहीत. त्यांच्यात व्याकरण आहे. 'डी' हे खोडण्याचे क्रियापद, 'डब्ल्यू' हा शब्द. दोन्ही मिळून शब्द खोडण्याची आज्ञा. क्रियापदे व कर्मे थोडी, संयोग पुष्कळ. ज्याला व्याकरण अवगत आहे त्याला प्रत्येक वाक्याचे स्वतंत्र नाव लागत नाही, असा युक्तिवाद येथे करता येतो आणि तो बराचसा ग्राह्य आहे. तथापि वापरणारा स्वतःच्या कळा बांधू लागला की हा युक्तिवाद दुबळा पडतो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हिम' या सुधारित संपादकात एखादी कळ कोणत्या धारिकेने बांधली हे विचारण्याची सोय पुढे करावी लागली, ती यामुळेच.

मेनूचा काळ : एकाच दिशेचा कोश

वैयक्तिक संगणकाच्या प्रसाराबरोबर हा इतिहास प्रयोगशाळेतून कार्यालयात आला. रॉब बार्नबी यांनी लिहिलेला 'वर्डस्टार' १९७८ मध्ये बाजारात आला. 'कंट्रोल-के'सारखी पहिली कळ दाबून वापरणारा क्षणभर थबकला, की पुढील पर्यायांची यादी पडद्यावर येई. जाणत्याने न थांबता पुढची कळ दाबली, तर यादी दिसतच नसे. शिकणारा आणि शिकलेला या दोघांचीही कदर करणारी अशी युक्ती नंतरच्या संपादकांत क्वचितच आढळते. १९८३ मध्ये आलेल्या ॲपलच्या 'लिसा' संगणकापासून लॅरी टेस्लर यांच्या पुरस्काराने कापणे-चिकटवणे यांच्या कळा 'झेड', 'एक्स', 'सी', 'व्ही' अशा एका ओळीत स्थिरावल्या, आणि मेनूतील प्रत्येक बाबीसमोर तिची कळ छापण्याचा प्रघात पडला.

मेनू हाही एक प्रकारचा नामकोशच आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो एकाच दिशेने वाचता येतो. नावावरून कळ सापडते, कळेवरून नाव सापडत नाही. मराठी-इंग्रजी कोश हाती असावा आणि शब्द मात्र इंग्रजी अडावा, तशी ही स्थिती होय. चुकून दाबलेल्या कळेचा अर्थ मेनूत शोधायचा, तर सर्व मेनू ओळीने उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ती आज्ञा मेनूत नसेलच, तर तोही श्रम व्यर्थ.

मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'चे उदाहरण येथे विशेष उद्बोधक ठरते. वर्डच्या अंतर्भागात प्रत्येक आज्ञेला नाव आहे. 'फाइल-सेव्ह', 'एडिट-फाइंड' अशी ती नावे आहेत. सर्व आज्ञा त्यांच्या कळांसह एका तक्त्यात मांडणारी 'लिस्ट-कमांड्स' ही आज्ञाही आहे. परंतु ती कोणत्याही ठळक मेनूत नाही. कळेवरून नाव जाणण्याचा मार्ग आहे, तोही आडवळणाचा : कळफलक आपल्या गरजेनुसार बदलण्याची चौकट उघडायची, नव्या कळेच्या जागी ती कळ दाबायची, मग खाली 'सध्या अमुक आज्ञेला नेमलेली' अशी नोंद उमटते. म्हणजे कळेचे नाव तेव्हाच दिसते, जेव्हा ती कळ दुसऱ्या कामासाठी घेण्याची तयारी दाखवली जाते. माहिती संगणकात होती, शोधण्याची यंत्रणाही होती. वापरणाऱ्याला असा प्रश्न पडेल, एवढेच गृहीत धरलेले नव्हते. कार्यालयीन प्रशिक्षणात कळांच्या याद्या पाठ करण्यावर भर राहिला, त्याचे मूळ या गृहीतकात आहे.

नावांचे पुनरागमन

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चित्र पालटले. जॉन स्किनर यांच्या 'सब्लाइम टेक्स्ट' या संपादकाच्या दुसऱ्या आवृत्तीत २०११ मध्ये 'कमांड पॅलेट' आले : एक कळ दाबायची, आज्ञेच्या नावातील चार-दोन अक्षरे लिहायची, जुळणाऱ्या आज्ञा त्यांच्या कळांसह समोर येतात. इमॅक्सच्या 'मेटा-एक्स'शी त्याचे नाते उघड आहे. कळेवरून नावाकडे जाण्यासाठी सब्लाइममध्ये संहितेची एक ओळ लिहून आज्ञांची नोंद सुरू करावी लागते. मग प्रत्येक कळेसरशी खालच्या चौकटीत आज्ञेचे नाव उमटत जाते. २०१४ मध्ये आलेल्या 'ॲटम'ने यासाठी स्वतंत्र पट्टीच दिली. दाबलेल्या कळेला लागू होऊ शकणाऱ्या सर्व आज्ञा व त्यांपैकी कोणती लागू झाली हे ती दाखवी. ॲटमचा विकास डिसेंबर २०२२ मध्ये थांबवण्यात आला. २०१५ मध्ये अवतरलेल्या 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड'मध्ये कळांच्या यादीत प्रत्यक्ष कळ दाबून शोध घेता येतो आणि एकाच कळेवर अनेक विस्तारांनी हक्क सांगितला असेल, तर ते सारे दिसतात. या शेवटच्या सोयीची गरज का पडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शेकडो अनोळखी लेखकांचे विस्तार एका संपादकात एकत्र नांदू लागले, आणि १९७६ च्या प्रयोगशाळेतील बोलींचा गोंधळ मोठ्या प्रमाणावर पुन्हा उद्भवला.

देवनागरी लेखनाचा संदर्भ

मराठी लेखकाला या इतिहासाचा एक भाग जवळचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मुद्रणात जे टंक वापरले जात, त्यांत बहुधा इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकावरच देवनागरी आकार बसवलेले असत. कळ दाबली की आकार उमटे, आणि धारिकेत साठे ते त्या कळेचे इंग्रजी अक्षर. टंक बदलला की मजकुराचे रूपांतर निरर्थक चिन्हांत होई. कारण कळ व आकार यांच्यामध्ये 'हे अमुक अक्षर आहे' असे सांगणारे काही नव्हतेच. टेकोची स्थिती येथे अक्षरांच्या पातळीवर अवतरलेली दिसते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेली 'इस्की' ही संकेतप्रणाली आणि तिच्या पूर्वरूपावर आधारलेला युनिकोडमधील देवनागरी विभाग यांनी प्रत्येक अक्षराला कळेपासून व टंकापासून स्वतंत्र असे स्थान दिले. युनिकोडने त्याला नावही दिले.

इमॅक्सच्या १९९७ मधील विसाव्या आवृत्तीपासून बहुलिपी लेखन त्याच्या गाभ्यात आले. देवनागरीसाठी इनस्क्रिप्टसारख्या लेखनपद्धती त्यात निवडता येतात आणि निवडलेल्या पद्धतीचे वर्णन मागितले, की ती कशी वापरायची हे समोर येते. कळेविषयी विचारण्याची जी रीत, तिचेच प्रतिबिंब अक्षराविषयी विचारण्यात आहे. मजकुरातील 'ळ'वर दर्शक ठेवून 'कंट्रोल-यू', 'कंट्रोल-एक्स' व बरोबरचे चिन्ह या कळा क्रमाने दाबल्या, की एक खिडकी उघडते. तीत त्या अक्षराचा युनिकोडमधील अंक ०९३३, त्याचे 'देवनागरी लेटर एलएलए' हे नाव, आणि चालू लेखनपद्धतीत ते कोणत्या कळेने उमटते, याची नोंद असते. इनस्क्रिप्टमध्ये ती कळ 'शिफ्ट'सह 'एन' ही आहे.